चिकूची आजी मेलबर्नला

“आई, येताना गरम कपडे भरपूर आण. इकडे जूनमध्ये थंडी असते. आणि हो, आम्ही कुत्र्याचं पिल्लू घेतोय,” लेकीनं फोनवर सांगितलं. थंडीचं ऐकून मी मान डोलावली. पिल्लाचं ऐकलं आणि आता तिकीट रद्द केलं तर किती पैसे परत मिळतील, हाच विचार मनात आला!

मैत्रिणींनो, हसू नका. मी आठ वर्षांची असताना सांगलीला गल्लीतलं एक कुत्रं मला चावलं होतं, आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली होती. चावल्याचं दुखणं आठवड्यात गेलं, इंजेक्शनांची भीती मात्र सहासष्टाव्या वर्षापर्यंत पुरली. रस्त्यात कुत्रं दिसलं की मी पलीकडची बाजू धरणार, हे ठरलेलं. घरात सगळे चेष्टा करायचे. सर्वांत जास्त आमचे ‘हे’. पण त्यांना जाऊनही आता दोन वर्षं झाली होती. संध्याकाळी एका माणसाचा कुकर लावायचा, एका माणसाचं ताट घ्यायचं, असं माझं चाललं होतं. म्हणून तर लेक “सहा महिने तरी राहायला ये” म्हणून मागे लागली होती. तेव्हा कुत्रं तर कुत्रं, असं म्हणून मी लोकरीचे स्वेटर बॅगेत भरले आणि मेलबर्नला निघाले.

लेकीचं घर ‘क्यू’ नावाच्या उपनगरात आहे. जन्मभर रॉकेलच्या आणि रेशनच्या क्यूत उभं राहिल्यावर आता क्यूतच राहायला आले, असा विनोद मी जावयांना ऐकवला. ते बिचारे हसले! मेलबर्न शहराच्या मध्यापासून हे ठिकाण सहा-सात किलोमीटरवर, यारा नदीच्या काठानं वसलेलं. रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना झाडं, घरापुढे गवताचा तुकडा. सगळं देखणं, पण शांतता अशी की कानात दडे बसावेत. सकाळी साडेआठला लेक, जावई आणि नातू आपापल्या वाटेनं गेले, की संध्याकाळपर्यंत माणसाचा आवाज नाही. दारावर भाजीवाली नाही, शेजारणीची हाक नाही. खिडकीतून पाहावं तर रस्त्यावर माणूस क्वचितच दिसे, आणि दिसलंच तर त्याच्याबरोबर हटकून कुत्रं असे!

सुलतानाची गोष्ट

जूनच्या अखेरीस आठ आठवड्यांचं पिल्लू घरी आलं. पिकलेल्या चिकूच्या रंगाचं, कुरळ्या केसांचं, काळ्याभोर डोळ्यांचं. नातवानं लगेच नाव ठेवलं, ‘चिकू’. जात ‘लॅब्राडूडल’. म्हणजे लॅब्राडोर आणि पूडल या दोन जातींचा संकर. जावयांना लहानपणापासून कुत्र्याजवळ गेलं की शिंका येतात, डोळे चुरचुरतात. या जातीचे केस फारसे गळत नाहीत म्हणून ती निवडली, असं लेकीनं सांगितलं.

गंमत अशी, की या कुत्र्याची जन्मकथा लेकीच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर घडली आहे. अंध व्यक्तींना वाट दाखवणारी कुत्री तयार करणारी एक जुनी संस्था यारेच्या काठी, चँडलर हायवेवर आहे. १९८०च्या दशकात तिथे वॉली कॉनरन नावाचे गृहस्थ पैदाशीचं काम पाहत होते. हवाई बेटांवरून एका अंध बाईंचं पत्र आलं. तिला वाटाड्या कुत्रा हवा होता, पण तिच्या नवऱ्याला कुत्र्याच्या केसांची ॲलर्जी होती. कॉनरननी आधी पूडल शिकवून पाहिले. एक नाही, दोन नाही, ३३ पूडल तपासले, पण या कामाला एकही उतरला नाही. शेवटी त्यांनी लॅब्राडोर आणि पूडल यांची जोडी लावली. तीन पिल्लं झाली. तिघांचे केस आणि लाळ हवाईला पाठवली, तेव्हा त्यांतल्या एकाच पिल्लाचा त्या गृहस्थांना त्रास झाला नाही. तोच सुलतान. तो शिकला, हवाईला गेला आणि त्या बाईंची वाट दाखवू लागला.

मागे राहिलेल्या दोन भावंडांना मात्र कोणी विचारीना. संकरित पिल्लू कोणाला नको होतं. तेव्हा कॉनरननी १९८९ मध्ये ‘लॅब्राडूडल’ हे नाव पुढे केलं आणि नवा प्रकार म्हणून जाहीर केलं. मग काय, फोनवर फोन! पुढे जगभर या पिल्लांचा धंदाच झाला. पैशासाठी कुठलीही कुत्री कुठल्याही कुत्र्याशी लावून पिल्लं विकणारे निघाले. खुद्द कॉनरननीच म्हातारपणी, २०१९ मध्ये, आपण हे सुरू केल्याचा पश्चात्ताप होतो असं रेडिओवर सांगितलं.

या गोष्टीत एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिघांतलं एकच पिल्लू चाललं होतं! म्हणजे लॅब्राडूडल आणला की शिंका बंद, असं मुळीच नाही. ॲलर्जी येते ती कुत्र्याच्या कातडीच्या कोंड्यातून आणि लाळेतून. २०१२ साली नेदरलँडमधल्या संशोधकांनी तपासलं, तेव्हा ‘ॲलर्जी न होणाऱ्या’ म्हणून गाजलेल्या जातींच्या केसांत ते प्रथिन इतर कुत्र्यांपेक्षा कमी आढळलंच नाही. लेक-जावयांनी म्हणून शहाणपणा केला होता. पिल्लू ठरवण्याआधी दोनदा त्या घरी जाऊन तास-तासभर पिल्लाजवळ आणि त्याच्या आईजवळ बसून आले. जावयांना दोन-चार शिंका आल्या, पण डोळे सुजले नाहीत, तेव्हा कुठे होकार दिला. पिल्लाच्या आईबापांची कंबर, कोपरं आणि डोळे तपासल्याचे कागदही पाहून घेतले. तिथल्या कायद्यानं पिल्लाच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवल्याशिवाय ते विकता येत नाही आणि तीन महिन्यांचं होईतो नगरपालिकेत त्याची नोंद करावी लागते. आपल्याकडे मुलाच्या जन्माचा दाखला काढायला आळस करणारी माणसं मी पाहिली आहेत!

थंडीतली शू

सगळे कामावर गेले, की घरात मी आणि चिकू. पहिले दोन दिवस मी पाय वर घेऊन सोफ्यावर बसले आणि चिकू खाली बसून माझ्याकडे पाहत राहिला. तिसऱ्या दिवशी त्यानं गालिचावर शू केली आणि माझ्यातली आई जागी झाली. पाच मुलांच्या घरात थोरली म्हणून वाढलेली मी. बाळाला शी-शूची सवय लावणं मला कोणी शिकवायला नको!

खरंच सांगते, काही फरक नाही. झोपून उठलं की, खाऊन झालं की आणि खेळून दमलं की, या तीन वेळांना पिल्लाला उचलायचं आणि अंगणात त्याच ठिकाणी नेऊन सोडायचं. मधेही दर दीड-दोन तासांनी न्यायचं. काम झालं की तिथल्या तिथे शाबासकी आणि खाऊचा बारीक तुकडा. घरात येऊन खाऊ दिला तर तो कशाबद्दल मिळाला, हे त्याला कळत नाही. घरात सांडलं तर ओरडायचं नाही, नाक घासायचं नाही. त्यानं ते एवढंच शिकतं, की माणसांसमोर शू करायची नाही. मग ते सोफ्यामागे जाऊन करतं. जागा पुसताना वास पूर्ण गेला पाहिजे, नाहीतर ते पुन्हा तिथेच जातं. रात्री दोन वाजता उठून, साडीवर जावयांचा ओव्हरकोट चढवून, मी कडाक्याच्या थंडीत अंगणात उभी राहून “कर रे बाबा, कर” म्हणत असे. शेजारच्या ऑस्ट्रेलियन बाईंना ती काही प्रार्थना वाटली असावी.

खाण्याची काळजी मात्र वेगळी. आपल्या स्वयंपाकघरातल्या कितीतरी वस्तू कुत्र्याला विष आहेत, हे मला डॉक्टरांनी सांगितलं. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, मनुका, चॉकलेट, तिकडचे मॅकाडेमिया नावाचे काजूसारखे दाणे आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेल्या गोळ्या. गणपतीत प्रसादाच्या शिऱ्याची वाटी नातवाच्या हातून निसटली आणि चिकू धावला. शिऱ्यात बेदाणे! मी, कुत्र्याला घाबरणारी बाई, त्याच्या तोंडाआधी खाली बसले आणि दोन्ही हातांनी त्याला मागे ओढलं. त्याला पकडल्यावर मग माझ्या लक्षात आलं, की आपण काय केलं!

पातळाची झोळी

पिल्लांच्या शाळेतल्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की साधारण तीन ते चौदा आठवडे हा पिल्लाच्या मनाचा कोवळा काळ असतो. या दिवसांत ते जे शांतपणे पाहील, ऐकेल, हुंगेल, ते त्याला जन्मभर आपलंसं वाटतं. जे पाहणार नाही, त्याला पुढे ते भिऊन भुंकतं. पण अडचण अशी, की लसी पुऱ्या व्हायला सोळा आठवडे लागतात आणि तोवर दुसऱ्या कुत्र्यांच्या वावराच्या जमिनीवर ठेवलं तर पार्व्होसारखा जीवघेणा रोग होऊ शकतो. जमिनीला पाय न लावता जग दाखवायचं कसं?

मी एक जुनं सुती पातळ नेलं होतं. त्याची झोळी केली, गळ्यात अडकवली आणि चार किलोचा चिकू त्यात बसवून निघाले. झोळीतून फक्त डोकं बाहेर. आम्ही दोघं क्यू जंक्शनवर जाऊन उभे राहायचो. तिथे ४८ नंबरची आणि १०९ नंबरची ट्राम वळते. घंटा वाजली की चिकू कान टवकारी. मी एक खाऊचा तुकडा देई. पुढची घंटा, पुढचा तुकडा. आठ दिवसांत घंटा वाजली की तो ट्रामऐवजी माझ्या खिशाकडे पाहायला लागला! छत्री उघडणारी माणसं, टोपीवाले, दाढीवाले, चाकाच्या खुर्चीतले आजोबा, शाळेतून सुटलेली पोरं, रस्ता खोदणारं यंत्र, असं एकेक दूरून दाखवायचं. अंग आकसलं की पुढे न्यायचं नाही, दोन पावलं मागे यायचं. जबरदस्ती केली तर ओळख होत नाही, भीतीच पक्की होते. हे ऐकताना मला माझ्या बेंबीभोवतालची ती इंजेक्शनं आठवली. त्या वेळी मला कोणी दोन पावलं मागे येऊ दिलं असतं तर!

झोळीत कुत्रं घेतलेली नऊवारी आजी पाहिल्यावर लोक थांबणारच. “नाव काय?” “चिकू.” “चीकी? वा, अगदी शोभतंय!” इंग्रजीत ‘चीकी’ म्हणजे खोडकर, हे मला घरी आल्यावर नातवानं सांगितलं. तोवर निम्म्या क्यूत आमचा चिकू ‘चीकी’ झाला होता. पण त्या निमित्तानं मला बोलायला माणसं मिळाली. फुलांच्या दुकानातल्या ग्रीक आजी, रोज दहाच्या ट्रामला येणारे एक निवृत्त शिक्षक, बाळाची गाडी ढकलणारी एक चिनी मुलगी. माझं इंग्रजी मोडकं, त्यांचंही काही फार सरळ नव्हतं. पिल्लाबद्दल बोलायला व्याकरण कशाला लागतं?

‘बस’चा घोटाळा

शिकवण्यात पहिली अडचण भाषेची आली. मी म्हणे ‘बस’, जावई म्हणत ‘सिट’, नातू म्हणे ‘डाऊन’. पिल्लू तिघांकडे पाहून शेपूट हलवी. शाळेतल्या बाई म्हणाल्या, भाषा कुठलीही चालेल, पण घरानं एका गोष्टीला एकच शब्द ठरवा. घरात दिवसभर मीच असल्यामुळे मराठी ठरली! खाऊ नाकासमोरून डोक्यावर हळूच न्यायचा, मान वर गेली की बूड आपोआप टेकतं. टेकलं की ‘बस’ म्हणून लगेच खाऊ. एका वेळी तीन-चार मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. त्याहून जास्त नको, पिल्लू कंटाळतं.

मग एक दिवस जेवताना मी जावयांना भात वाढत होते. “बस, बस, आई, पुरे!” जावई म्हणाले, आणि टेबलाखाली चिकू टुणकन बसला. पुन्हा “बस!” म्हणाले तर अपेक्षेनं आणखी ताठ बसला! तेव्हापासून आमच्याकडे भात नको असेल तर ‘पुरे’ म्हणायचं, असा नियम झाला.

दुधाच्या दातांचा त्रास मात्र सोसावा लागतो. सुईसारखे दात, आणि माझ्या पदराचं त्याला भारी वेड. ओढून घेतला की त्याला खेळच वाटे. उपाय एकच. पुतळ्यासारखं उभं राहायचं आणि चावायला त्याचं खेळणं पुढे करायचं. अंगावर उड्या मारल्या तर पाठ फिरवायची. पट्टा ओढला की थांबायचं, सैल सोडला की चालायचं. कोपऱ्यावरची टपालपेटी गाठायला आम्हांला पहिल्या दिवशी पंचवीस मिनिटं लागली!

एकटं राहण्याचा अभ्यास

ऑगस्टमध्ये शाळेतल्या बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, “आजी, तुम्ही परत कधी जाणार?” मी म्हटलं, डिसेंबरात. त्या म्हणाल्या, “मग त्याला आजपासून एकटं राहायला शिकवा. आता चोवीस तास तुम्ही त्याच्याजवळ आहात. डिसेंबरात अचानक घर रिकामं झालं, तर तो रडून रडून दारं कुरतडेल.”

मला ते लागलं. पण खरं होतं. पोकळ रबरी खेळण्यात शिजवलेला भात आणि गाजर भरून मी ते चिकूला दिलं आणि पहिल्या दिवशी दोन मिनिटं दाराबाहेर जाऊन पायरीवर बसले. आतून कुईंकुईं ऐकू आलं. माझेच डोळे भरून आले. कुईं थांबल्यावर आत गेले, काही झालंच नाही अशा थाटात. दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं, मग दहा, मग पाऊण तास. जाताना निरोपाचा सोहळा नाही, आल्यावर कौतुकाचा सोहळा नाही.

पण पाऊण तास पायरीवर बसून करायचं काय? म्हणून मी चालायला लागले. आणि मैत्रिणींनो, तेव्हा मला मेलबर्न दिसलं! तोवर मी कुठे एकटी गेले नव्हते. सांगलीतही, हे गेल्यापासून, बाजार आणि देऊळ सोडून मी कुठे जात नव्हते.

एक दिवस चँडलर हायवेनं खाली उतरत गेले. उजेड स्वच्छ होता, पण वारा बोचरा. त्या संस्थेचं फाटक लागलं, सुलतानाचं. आत जायचं काही कारण नव्हतं, बाहेरूनच पाहिलं. एक मुलगी शिकाऊ कुत्र्याला घेऊन चालली होती. पिवळा लॅब्राडोर, अंगावर शिकाऊ असल्याचं जाकीट. तो माझ्याकडे न पाहता गेला. कामावरच्या कुत्र्याला हात लावायचा नसतो, हाकही मारायची नसते, हे मला तोवर कळलं होतं. ही पिल्लं पहिलं वर्षभर साध्या घरांतून, हौशी माणसांकडे वाढतात आणि मग शिक्षणासाठी संस्थेत परत येतात. वर्षभर लळा लावून परत द्यायचं! मी फाटकाशी बराच वेळ उभी राहिले.

पुढे लगेच यारा नदीवरचा जुना लोखंडी पूल आहे. १८९०च्या सुमारास तो रेल्वेसाठी बांधला होता. शेजारी नवा पूल २०१९ मध्ये झाला आणि जुना पायी चालणाऱ्यांना नि सायकलवाल्यांना राहिला. मधोमध उभं राहिलं की खाली चहाच्या रंगाची यारा संथ वाहताना दिसते. काठाला उंचच उंच निलगिरीची झाडं, सालपटं सुटलेली. आमच्या कृष्णाबाईसारखा घाट नाही, देऊळ नाही, पण वाहतं पाणी पाहून जीव थंडावतो तो थंडावतोच. दुसऱ्या एका संध्याकाळी यारा बेंड पार्कच्या बाजूला गेले, तर झाडांना हजारो वटवाघळं लटकलेली! राखाडी डोक्याची, तांबूस मानेची, पंख पसरले तर मीटरभर रुंद. शहरातल्या वनस्पती उद्यानाचं नुकसान व्हायला लागलं म्हणून २००३ मध्ये त्यांना तिथून हुसकलं, ती इथे येऊन राहिली. अंधार पडता पडता ती आभाळभर उठली. मी घरी पोचले तेव्हा पावणेदोन तास झाले होते. धावतपळत दार उघडलं. चिकू गाढ झोपला होता.

जटा

आता माझ्या चुकीची गोष्ट सांगते. तुमच्यापैकी कोणी असं पिल्लू पाळणार असेल तर हीच गोष्ट सर्वांत उपयोगाची.

‘केस गळत नाहीत’ याचा अर्थ मी ‘काम नाही’ असा घेतला होता. अहो, गळत नाहीत म्हणूनच तर काम! इतर कुत्र्यांचे मेलेले केस जमिनीवर पडतात, झाडून टाकले की झालं. याचे मेलेले केस जिवंत केसांतच अडकून राहतात. त्यात सहा-सात महिन्यांपासून वर्षापर्यंत केव्हातरी पिल्लाची मऊ लव जाऊन मोठेपणाचे दाट केस येतात. त्या दिवसांत गुंता दुपटीनं होतो. मी रोज न चुकता ब्रश फिरवत होते. वरून चिकू कसा कापसाच्या गोळ्यासारखा दिसे! नोव्हेंबरात तो नदीत डुंबून आला. मी टॉवेलनं पुसला, वरवर ब्रश केला आणि कौतुकानं फोटो काढला.

चार दिवसांनी केस कापायला नेलं. तिथल्या मुलीनं कानामागचे केस बोटांनी दुभागले आणि मला दाखवले. खाली कातडीला चिकटून नमदा झाला होता. जटाच! काखेत, मांड्यांच्या आत, गळपट्ट्याखाली, सगळीकडे. “ओढून सोडवले तर त्याला फार दुखेल. कापावेच लागतील,” ती म्हणाली. तासाभरानं बाहेर आला तो सोललेल्या कोंबडीसारखा, लाजलेला, थरथरणारा चिकू. संध्याकाळी लेक म्हणाली, “आई, तू रोज करत होतीस ना?” तिच्या मनात काही नव्हतं, पण मला रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीकडे पुन्हा जाऊन शिकून आले. ते असं : बारीक तारांचा ब्रश आणि स्टीलची फणी, दोन्ही हवीत. कुत्र्याला कुशीवर निजवून पायापासून सुरुवात करायची. एका हातानं केस वर धरायचे, आपण डोक्याला पाडतो तसा भांग पाडायचा, कातडी दिसली पाहिजे. तिथून केसांच्या टोकाकडे ब्रश. मग एक बोट वर दुसरा भांग. शेवटी फणी मुळापासून न अडकता गेली तरच काम झालं. कानामागे, काखेत, मांडीच्या आत, शेपटीखाली, हनुवटीला आणि पट्ट्याखाली रोज पाहायचं. न्हाऊ घालण्याआधी गुंता काढायचा, नंतर नाही. पाणी लागलं की गाठ आवळते. न्हाल्यावर मुळापर्यंत कोरडं करायचं. लोंबते कान आतून ओले राहिले तर पिकतात. डॉक्टरांनी दिलेल्या औषधानं पुसायचे, काडी घालायची नाही. दर सहा ते आठ आठवड्यांनी केस कापून घ्यायचे. आणि पिल्लू घरी आल्या दिवसापासून मिनिटभर पंजे धरायचे, कान उलटायचे, ओठ वर करून दात पाहायचे, म्हणजे पुढे कात्रीची भीती वाटत नाही. तिकडे उन्हाळ्यात गवताची टोकदार कुसळं बोटांच्या बेचक्यांत शिरतात, तीही रोज शोधायची.

केस पुन्हा बोटभर वाढले तशी रोज रात्री जेवणं झाल्यावर मी आणि लेक चिकूला मधे घेऊन बसू लागलो. एक बाजू तिची, एक माझी. हात कामात असले की तोंड आपोआप मोकळं होतं, हे आपण धान्य निवडताना अनुभवलेलं आहे. एका रात्री ती मान वर न करता म्हणाली, “बाबांच्या वेळी मला पोचता आलं नाही. तू रागावली असशील.” तिला विमान मिळेपर्यंत इकडे सगळं उरकलं होतं. मी म्हटलं, “रागावले होते. पण तुझ्यावर नाही गं.” दोन वर्षांत फोनवर आम्ही रोज बोलत होतो, भाजी काय केली, पाऊस पडला का. हे मात्र बोललो नव्हतो. त्या रात्री चिकूची फणी बराच वेळ चालली.

परतीची वाट

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मी निघाले. आठ महिन्यांचा चिकू आता रोज चार तास निवांत एकटा राहायचा. दुपारी नातू शाळेतून येऊन त्याला फिरवायचा आणि ब्रशाचं काम लेक-जावयांनी वाटून घेतलं होतं. झोळी मी तिथेच ठेवून आले. निघताना निरोपाचा सोहळा करायचा नाही, हा नियम पाळला. म्हणजे चिकूपुरता पाळला. माणसांपुरता जमला नाही.

इकडे आल्यावर काही जणींनी विचारलं, आपल्याकडे असं पिल्लू घ्यावं का? माझं स्पष्ट मत सांगते. आपल्या उन्हाळ्यात तो दाट कुरळा अंगरखा आणि त्यात लपणारे गोचीड, हे फार जिकिरीचं आहे. रोज अर्धा तास मुळापर्यंत फणी फिरवायची तयारी नसेल तर नुसत्या गोजिऱ्या रूपावर भाळू नका. बाकी झोळी, घंटा, ‘बस’ आणि एकटं राहण्याचा अभ्यास गल्लीतल्या आपल्या साध्या पिल्लालाही तितकाच लागू आहे, आणि त्याच्या केसांची चिंता नाही!

सांगलीला पोचले त्या संध्याकाळी बाजारातून येताना आमच्या फाटकाशी एक तांबडं कुत्रं उभं होतं. जुनी सवय, पाऊल पलीकडच्या बाजूला वळलं. मग थांबले. त्याच्या डोळ्यांत न पाहता, अंग थोडं तिरकं करून शांत उभी राहिले. त्यानं दूरूनच पिशवी हुंगली, शेपूट किंचित हलवली.

“बस,” मी म्हटलं.

ते काही बसलं नाही. त्याला बिचाऱ्याला कोणी शिकवलंच नव्हतं! मी फाटक उघडून आत गेले, कुकर लावला आणि लेकीला फोन केला.